बासष्ट मार्कांचा भाडेकरू

लग्नानंतर ऊर्मीने नवऱ्याला फोनवर विचारलेला पहिला अवघड प्रश्न होता, "खिडकीतून काय दिसते?"

स्वानंद देवपुजारी तेव्हा कॅल्गरीतल्या एका बेसमेंटमध्ये पलंगावर बसून कॉलिंग कार्डावरची उरलेली मिनिटं जपून खर्च करत होता. बेसमेंटला खिडकी होती. नाही असं नव्हतं. छताला टेकलेली, शब्दकोश आडवा ठेवावा एवढी. त्याने मान वर करून प्रामाणिकपणे पाहिलं.

"गाडी दिसते," तो म्हणाला.

"कोणती?"

"टोयोटा. म्हणजे... टोयोटाचं चाक."

"नुसतं चाक?"

"विंटर टायर आहे. चांगला आहे."

नागपुरात ऊर्मीने फोन दुसऱ्या कानाला लावला. मिनिटं जात राहिली. मग ऊर्मी म्हणाली, "हे पहा, मी अर्धी पृथ्वी ओलांडून चाक पाहायला येऊन नाही राहिली. चाकं इथे पण आहेत. बाबांच्या स्कूटरला दोन आहेत."

तिचा व्हिसा आला होता, मार्चचं तिकीटही निघालं होतं. त्याने तिथल्या तिथे वचन देऊन टाकलं, की ती उतरेल त्या दिवशी आपलं घर जमिनीच्या वर असेल, आणि खिडकीतून जे दिसेल ते अख्खं दिसेल.

वचन देताना त्याने एक गोष्ट लक्षात घेतली नव्हती. तो दोन हजार सातचा हिवाळा होता. तेलाचे भाव चढले होते, त्यामागे सगळा देश कॅल्गरीला नोकरीसाठी आला होता, आणि आलेला प्रत्येक जण रात्री कुठेतरी झोपत होता. रिकामा फ्लॅट निघाला की बघायला लग्नासारखी गर्दी व्हायची. लोक टाय लावून यायचे. एकाने तर फ्लॅट बघायला येताना एजंटबाईसाठी केक आणला होता, आणि फ्लॅट त्यालाच मिळाला.

ही एजंटबाई म्हणजे डार्लीन. एका रेंटल कंपनीत ती गावातल्या पाचसहा बिल्डिंगा सांभाळायची. गुटगुटीत, हसरी, टेबलावर गोळ्यांची बरणी. स्वानंदला ती स्वॉन म्हणायची. त्याला तिने तिसऱ्या मजल्यावरचा एक फ्लॅट दाखवला. त्याला हॉलमध्ये एवढी मोठी खिडकी होती, की स्वानंद तिच्यासमोर दोन मिनिटं नुसता उभा राहिला. खाली पार्किंग लॉट, पलीकडे एक शाळा, त्याच्या पलीकडे आकाश. आकाश बरंच होतं.

"हा मला हवाय," तो म्हणाला.

"हनी, हा अठरा जणांना हवाय," डार्लीन म्हणाली. "अप्लाय कर. रेफरन्स चेकची फी पंच्याहत्तर डॉलर. परत मिळत नाही."

"फी कशाची?"

"मी तुझ्या आत्ताच्या लँडलॉर्डला फोन करणार, त्याची."

स्वानंदला वाटलं, आपल्याला रेफरन्सची काय काळजी! भाडं कधी चुकलेलं नाही, सिगारेट नाही, मांजर नाही, आणि लँडलॉर्ड तर आपलेच. त्याने चेक फाडला.

लँडलॉर्ड म्हणजे नंदकुमार किंजवडेकर. पुण्याहून एकाहत्तर साली आलेले, पाइपलाइनचे इंजिनियर, आता रिटायर. नोकरी चालू असताना ते एका टेक्निकल कॉलेजात संध्याकाळचे वर्ग घ्यायचे. त्यांच्याकडे शिकलेली माणसं अजून मॉलमध्ये त्यांना पाहिलं की वाट बदलून चपलांच्या दुकानात शिरायची. काकांचं तत्त्व साधं होतं. शंभर मार्क देवाचे, नव्वद पुस्तक लिहिणाऱ्याचे, ऐंशी शिकवणाऱ्याचे. उरलेल्यात विद्यार्थ्याने काय करायचं ते करावं.

तीन दिवसांनी स्वानंदच्या ऑफिसात डार्लीनचा फोन आला. आवाजात हसू नव्हतं.

"स्वॉन, तुझ्या लँडलॉर्डशी तुझं काही भांडण झालंय का?"

"नाही! का?"

"त्याने तुला दहापैकी सिक्स पॉइंट टू दिलेत. आमच्याकडे आठाच्या खाली घेत नाहीत." मग ती जरा थांबली. "खरं सांगू का, मी एवढी वर्षं हे काम करतेय, पण पॉइंट टू मला कधीच कुणी दिला नव्हता."

स्वानंद संध्याकाळी सीट्रेनमधून उतरला तो बर्फातून तडक वरच्या मजल्यावर गेला. दार काकांनीच उघडलं. चेहऱ्यावर इतका आनंद होता की स्वानंद आधी बुटाची नाडी सोडायला वाकला.

"पेढे कुठायत?" काका म्हणाले. "शोभा, आला गं! अरे, फर्स्ट क्लास मिळालाय तुला. बासष्ट! बाईंना मी म्हटलं, मी शंभरातूनच देणार, दहाने तुम्ही भागा. आणि काय रे तो पेपर! मी विचारलं, यातले कोणतेही पाच प्रश्न सोडवायचे का सगळे? त्यांना ऑप्शन ही कल्पनाच माहीत नाही."

"काका," स्वानंद बुटाची नाडी हातात धरून म्हणाला, "इथे बासष्ट म्हणजे नापास."

"कोण म्हणतं?"

"सगळा कॅनडा म्हणतो."

"मग कॅनडाचं स्टँडर्ड उतरलंय."

"काका, फ्लॅट गेला."

काकांचा आनंद थोडा कमी झाला, पण तत्त्वाला धक्का लागला नाही. शोभाकाकूंनी चहा पुढे केला. काकूंना स्वानंद आला की पहिल्यांदा चहा आणि मग बातमी, असा क्रम पाळायची सवय होती.

"परत फोन करून आठ द्या ना काका," स्वानंद म्हणाला. "फक्त आठ."

"आठ?" काकांनी चष्मा काढला. "ऐंशी टक्के? भाडेकरू या विषयात? अरे, हा काय गणिताचा पेपर आहे, की बरोबर आलं म्हणून पैकीच्या पैकी? भाडेकरू हा भाषेसारखा विषय आहे. मराठीत ऐंशी पडलेला माणूस पाहिलायस तू?"

स्वानंदने पाहिला नव्हता. त्याला स्वतःला दहावीला मराठीत एकसष्ट होते, आणि त्याच्या आईने तेवढ्यावर शेजारी बर्फी वाटली होती.

"माझ्याकडे बघ," काकू म्हणाल्या. "लग्न झाल्यापासून माझ्या पुरणपोळीला ह्यांनी साडेसहाच्या वर दिलेले नाहीत. एकदाच सात दिले. सासूबाई गेल्या त्या वर्षी."

"ते सहानुभूतीचे होते," काका म्हणाले.

त्या रात्री ऊर्मीला त्याने सांगितलं, की फ्लॅट थोडक्यात हुकला. किती थोडक्यात, असं तिने विचारलं. एक पॉइंट आठ, असं तो म्हणाला. तिला वाटलं तो किलोमीटरमध्ये सांगतोय.

आठवड्याभरात त्याच बिल्डिंगमध्ये, त्याच मजल्यावर, त्याच बाजूचा दुसरा फ्लॅट निघाला. स्वानंदने परत अप्लाय केलं, परत फी भरली, आणि या वेळी रेफरन्सच्या रकान्यात शोभाकाकूंचं नाव लिहिलं. वेळ लिहिली सकाळी दहा. रोज दहाला काका मॉलमध्ये चालायला जायचे. बाहेर उणे वीस असताना शहरातली सगळी रिटायर माणसं मॉलमध्ये चालत. काका मात्र उलट दिशेने चालत, म्हणजे समोरून येणाऱ्यांची चाल तपासता येते.

स्वानंदने अर्धी रजा टाकली आणि काकूंची तयारी करून घेतली.

"काकू, अवघड काही नाही. ती काहीही विचारो, तुम्ही म्हणायचं, एक्सलंट."

"आणि तुझ्या काकांना कळलं तर?"

"कळणार नाही."

"बरं बाई," काकू म्हणाल्या, आणि पदराने, म्हणजे फ्लीसच्या जॅकेटच्या बाहीने, त्यांनी फोन पुसून ठेवला.

बरोबर दहाला फोन वाजला. काकूंनी स्पीकर लावला. स्वानंद समोर डायनिंग टेबलाशी हात जोडून बसला.

भाडं वेळेवर देतो का? एक्सलंट. स्वच्छता? एक्सलंट. आवाज? एक्सलंट. सामानाची मोडतोड? एक्सलंट. स्वानंदने जोरात मान हलवली. काकूंनी सावरून घेतलं, "नो मोडतोड. एक्सलंट नो." पाळीव प्राणी? "एक्सलंट नो."

काकूंना आता रंग चढला होता. त्यांनी स्वानंदकडे बघून डोळासुद्धा मारला. आणि तेवढ्यात डार्लीनने शेवटचा प्रश्न विचारला, जो तयारीत नव्हता.

"तुम्ही याला परत जागा भाड्याने द्याल का?"

काकूंचा चेहरा एकदम बदलला.

"नो," त्या म्हणाल्या. "नेव्हर."

स्वानंद खुर्चीतून अर्धा उठला. तो दोन्ही हातांनी हवेत काहीतरी पुसत होता.

"नेव्हर?" डार्लीन म्हणाली.

"नेव्हर अगेन!" काकूंनी जॅकेटची बाही डोळ्यांना लावली. "ऑलरेडी वी फील सो अशेम्ड."

"समजलं मला, मॅम," डार्लीन हळू आवाजात म्हणाली. "मोकळेपणाने सांगितल्याबद्दल थँक यू." आणि फोन बंद झाला.

"काकू!" स्वानंद ओरडला. "काय केलंत हे?"

"काय केलं म्हणजे?" काकू डोळे पुसत म्हणाल्या. "परत भाडं घेऊ तुझ्याकडून? आधीचं घेतानाच मला कसंतरी व्हायचं. घरच्या मुलाकडून कुणी भाडं घेतं का? ह्यांना मी तेव्हाच सांगितलं होतं, हे शोभत नाही म्हणून. आता ती बाई स्वतःहून विचारतेय तर खोटं बोलू?"

एवढ्या प्रेमाने आपलं वाटोळं यापूर्वी कुणी केलेलं नव्हतं. त्याने टेबलावरचा एक चकलीचा तुकडा उचलला आणि खाल्ला. एक्सलंट होती.

दुसऱ्या दिवशी डार्लीनने कळवलं, की यापुढे कंपनी त्याचा अर्ज घेणार नाही. फ्लॅट अजून रिकामा होता, शुक्रवारी दुसऱ्या कुणाला तरी जाणार होता. शहरात बाकीच्या एजंटांकडे तर नावनोंदणीलाही रांग होती. ऊर्मीचं विमान तीन आठवड्यांवर आलं होतं. स्वानंदने पलंगावर उभं राहून खिडकीची काच आतून पुसून पाहिली. चाक जरा स्वच्छ दिसायला लागलं.

गोष्ट काकांपर्यंत पोचायला एक जेवण लागलं. काकूंच्या पोटात काही राहत नसे. वरण वाढता वाढता त्यांनी सगळं सांगून टाकलं. काकांनी भात कालवायचं थांबवून स्वानंदकडे पाहिलं.

"म्हणजे तू माझा पेपर रिव्हॅल्युएशनला टाकलास," ते म्हणाले. "रीतसर अर्ज न करता. परीक्षकाच्या बायकोकडे."

"सॉरी काका."

"आणि तिने नापास केलं."

"हो."

"मग मी बरा होतो की नाही?"

"तुम्ही दोघांनी मिळून मला एकशे पन्नास डॉलरला पाडलंत," स्वानंद म्हणाला. त्याला असं बोलायचं नव्हतं, पण बोलून गेला.

"कसले एकशे पन्नास?"

"रेफरन्स चेकची फी. पंच्याहत्तर दर वेळी."

काकांनी ताट बाजूला सारलं. कपाळावरची शीर उडायला लागली. काकूंनी घाईघाईने ताक पुढे केलं, पण उशीर झाला होता.

"म्हणजे," काका एकेक शब्द सुटा करत म्हणाले, "पेपर तपासला मी. आणि मानधन घेतलं तिने?"

बत्तीस वर्षांच्या नोकरीत काकांनी मंदी पाहिली होती, पाइपलाइन फुटलेल्या पाहिल्या होत्या, पण परीक्षकाचं मानधन दुसऱ्याने उचललेलं पाहिलं नव्हतं.

गुरुवारी सकाळी ते डार्लीनच्या ऑफिसात गेले. अंगात रिटायरमेंटच्या समारंभाचा सूट, गळ्यात टाय, पायांत गुडघ्यापर्यंतचे बर्फाचे बूट. मागे स्वानंद, शाळेत वडिलांना घेऊन आलेल्या मुलासारखा.

"मी सिक्स पॉइंट टू," काकांनी ओळख करून दिली.

डार्लीनने गोळ्यांची बरणी पुढे केली. काकांनी ती नाकारली. परीक्षकाने काही खायचं नसतं.

"फी कशाची घेता?"

"व्हेरिफिकेशनची, सर."

"तुम्ही काय व्हेरिफाय केलंत?"

"मी तुम्हाला फोन केला."

"आणि मी घरी होतो. घरी आहे हे मला तेव्हाही माहीत होतं. मुलगा कसा आहे हे मी सांगितलं, माझ्या बायकोने सांगितलं. तुम्ही फक्त ऐकलंत. ऐकण्याचे पंच्याहत्तर?"

डार्लीनने स्वानंदकडे पाहिलं. स्वानंदने टेबलावरच्या स्टेपलरकडे पाहिलं.

"असू दे," काका खुर्चीत बसत म्हणाले. "मुलाची चौकशी झाली. आता जागेची करू."

"म्हणजे?"

"आमच्याकडे स्थळ बघताना दोन्ही बाजूंची चौकशी होते. तुम्ही त्याची केलीत, आता मी तुमची करणार. आधी तिथे कोण राहत होतं? का गेलं? त्याचा नंबर द्या."

एवढी वर्षं डार्लीनने हजारो अर्ज घेतले होते, पण बिल्डिंगचा रेफरन्स कुणी मागितला नव्हता. तिला जरा मजा वाटली. शिवाय तिच्याकडे उत्तर तयार होतं. आधीचा भाडेकरू वेन याचं कौतुकाचं वाक्य त्याच्या परवानगीने कंपनीच्या माहितीपत्रकावर छापलेलं होतं. तिने खुशीत नंबर फिरवला आणि स्पीकर लावला.

"वेन," काका म्हणाले, "त्या फ्लॅटला दहापैकी किती?"

"दहा!" वेन म्हणाला. "सुंदर जागा."

"हीटिंग?"

"दहा."

"शेजारी?"

"दहा, दहा."

"खिडकी?"

"अरे, दहाच्या वर काही असेल तर ते."

डार्लीन खुर्चीत मागे रेलून हसली. काका पुढे वाकले. संध्याकाळच्या वर्गात कॉपी पकडताना ते असेच वाकत असणार, असं स्वानंदला वाटून गेलं.

"मग सोडलास का?"

फोनवर कुठेतरी कुत्रा भुंकला.

"लिफ्ट," वेन शेवटी म्हणाला. "दोन महिने बंद होती. आईच्या गुडघ्यांमुळे..." मग घाईघाईने, "पण जिना दहा होता हं!"

काकांनी फोन ठेवायची खूण केली आणि डार्लीनकडे वळले.

"बाई, दहा देणारा माणूस विचार करत नाही. त्याला फोन लवकर ठेवायचा असतो."

डार्लीन हसायची थांबली. तिने बरणीचं झाकण लावलं.

"मागच्या वर्षी मी एकाला जागा दिली," ती हळूच म्हणाली. "जुन्या लँडलॉर्डने दहापैकी दहा दिले होते. सगळ्यात. नोव्हेंबरमध्ये मी इन्स्पेक्शनला गेले, तर किचनमध्ये मूस टांगला होता."

"फोटो?" स्वानंदने विचारलं.

"मूस. घोड्याएवढं ते हरीण. आख्खं. शिंगांसकट. खाली टब ठेवला होता."

"आणि लँडलॉर्डने सांगितलं नव्हतं?"

"तो म्हणाला होता, याला निसर्गाची फार आवड आहे."

"त्याला मूस त्याच्या घरातून तुमच्या घरात हवा होता," काका म्हणाले. "त्याचे दहा."

डार्लीनने स्वानंदची फाइल ओढली, पेन उघडलं. "मग मला सांगा, याचे थ्री पॉइंट एट कुठे गेले?"

काका याच प्रश्नाची वाट पाहत होते. त्यांनी खिशातून काहीही काढलं नाही. सगळं डोक्यात होतं.

"माझ्या ड्राइव्हवेवरचा बर्फ हा शोव्हल करतो. रोज सकाळी, मी उठायच्या आत. मी सांगितलेलं नाही. पण कडा सरळ काढत नाही. पाच मार्क गेले."

डार्लीनचं पेन थांबलं. "हा तुमचा ड्राइव्हवे शोव्हल करतो?"

"वाकडा. बायकोची औषधं फार्मसीतून आणतो, आणि पैसे देऊ केले की पावती हरवली म्हणतो. प्रत्येक वेळी. निष्काळजीपणाचे चार. जेवायला बोलावलं की दोनदा नाही म्हणतो आणि तिसऱ्यांदा येतो, त्यात पोळ्या गार होतात. तीन. बाथरूममध्ये गातो. सुराचे नाही कापले, सूर बरा आहे. शब्द चुकतात, त्याचे दोन..."

स्वानंद कानापर्यंत लाल झाला होता. आपण गातो हे त्याला माहीत होतं, पण आपल्याला श्रोते आहेत हे माहीत नव्हतं.

"आणि भाडं?" डार्लीनने विचारलं.

"वेळेवर देतो. त्याचे मार्क नाहीत. पेपरवर स्वतःचं नाव लिहिल्याचे मार्क असतात का?"

"पण तुमची मिसेस म्हणाली, नेव्हर अगेन."

काका पहिल्यांदाच अडखळले. त्यांनी टायची गाठ उगाच चाचपली.

"बरोबर म्हणाली. तो आमच्याकडेच राहील तर भाडं घेणारच नाही आम्ही. पण तो राहत नाही. त्याची बायको येतेय. तिला चाक बघायचं नाहीये."

"तुम्हाला कसं कळलं?" स्वानंद म्हणाला.

"अरे, हीटिंगच्या व्हेंटमधून सगळं वर येतं. आम्ही काय मुद्दाम ऐकतो?" काका भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत म्हणाले. "मी गाडी पुढे घेऊन पाहिली. मग मागचं चाक दिसतं."

डार्लीनने बरणीतली एक गोळी काढून स्वतःच खाल्ली.

"मला फ्लॅट याला द्यायचाय," ती म्हणाली. "पण कॉम्प्युटर आठाच्या खाली घेत नाही. सर, तुम्ही फक्त आठ म्हणा. मी टाइप करते."

स्वानंदने काकांकडे पाहिलं. काकांनी डोळे मिटले. मिटलेल्या डोळ्यांआड एका बाजूला तिसऱ्या मजल्यावरची खिडकी होती आणि दुसऱ्या बाजूला साऱ्या आयुष्याचं तत्त्व.

"नाही जमत," ते म्हणाले. त्यांचा आवाज खरंच दुखावलेला होता. "मला वाटतं द्यावे, पण नाही जमत रे."

"ग्रेस मार्क?" स्वानंदने आशेने विचारलं.

"ग्रेस नापासांना. तू फर्स्ट क्लासात आहेस."

आता सगळं संपलं, असं वाटून स्वानंदने कोट उचलला. बाही शोधताना त्याला अचानक दोन वर्षांपूर्वीची गोष्ट आठवली. त्याने कोट परत खाली ठेवला.

"डार्लीन," तो म्हणाला, "मी इथे आलो तेव्हा माझी नागपूरची डिग्री तपासून घ्यावी लागली होती. मला इंजिनियरिंगला त्रेसष्ट टक्के होते. इथल्या लोकांनी ते जसेच्या तसे नाही घेतले. तिकडचे त्रेसष्ट म्हणजे इकडचे किती, ते काढलं. मला ए ग्रेड दिला. कागद आहे माझ्याकडे."

"मग?"

"काकांचे मार्कही तिकडचेच आहेत. पुण्याचे."

डार्लीनने काकांकडे पाहिलं. काकांनी डोळे उघडले. कपाळावरची शीर शांत झाली.

"इक्विव्हॅलन्स," ते म्हणाले, आणि एखाद्या जुन्या मित्राचं नाव घ्यावं तसे म्हणाले. "ती रीतसर गोष्ट आहे. मार्क बदलत नाहीत, फक्त देश बदलतो. त्याला माझी हरकत नाही."

"पुण्याचे सिक्स पॉइंट टू म्हणजे इथले किती?" डार्लीनने बोटं कीबोर्डवर ठेवत विचारलं.

"नऊ," स्वानंद म्हणाला.

"आठ पॉइंट नऊ," काका म्हणाले.

फ्लॅट मिळाला. निघताना काकांनी आधीच्या दोन फींचा विषय काढलाच. त्यांच्या विद्यापीठात रिव्हॅल्युएशनला मार्क बदलले तर फी परत मिळायची. डार्लीनने विचारलं, मार्क बदलले का? काकांनी बराच विचार केला आणि प्रामाणिकपणे सांगितलं, की नाही बदलले. मग फी परत मागता येत नाही, हेही त्यांनीच डार्लीनला समजावलं. बरणीतली एक गोळी मात्र या वेळी घेतली. निकाल लागला होता.

मार्चमध्ये ऊर्मी आली. लिफ्ट बंद होती. तिच्या दोन्ही बॅगा स्वानंदने जिन्याने वर नेल्या आणि वेनचा जिन्याबद्दलचा शब्द खोटा असल्याचं त्याच्या लक्षात आलं.

पहिल्या रविवारी तिने काका-काकूंना जेवायला बोलावलं. स्वानंद आत वांग्याच्या भाजीवर झाकण ठेवत होता. ऊर्मी हॉलच्या खिडकीशी उभी होती.

"काय दिसते?" त्याने आतून विचारलं.

"गाडी."

"कोणती?"

"टोयोटा." मग थोड्या वेळाने, "काय करून राहिले हे लोक?"

स्वानंद हात पुसत बाहेर आला. खाली पार्किंग लॉटमध्ये सगळीकडे जागा होती. तरी काकांची गाडी जरा पुढे जायची, थांबायची, जरा मागे यायची. काकू थंडीत, डबा छातीशी धरून, हाताने दिशा दाखवत होत्या. त्या मधूनमधून वर खिडकीकडे बघायच्या आणि काकांना काहीतरी ओरडून सांगायच्या. शेवटी गाडी खिडकीच्या बरोबर समोर येऊन थांबली. छप्पर, काचा, दारं, चाकं, सगळं एका नजरेत मावत होतं. काका खाली उतरले, दोन पावलं मागे गेले, गाडीकडे पाहिलं, वर खिडकीकडे पाहिलं, आणि हात हलवून विचारलं, किती?

काकांबद्दल ऊर्मीला फोनवर बरंच सांगून झालेलं होतं. तिने खिडकी सरकवली. कॅल्गरीची सगळी थंडी आत आली.

"साडेसहा!" ती खाली ओरडली.

काकांनी काकूंचा दंड धरला. जिन्याचं दार उघडल्यापासून तिसऱ्या मजल्यापर्यंत, धाप लागून थांबत थांबत, त्यांचा आवाज वर येत होता.

"साडेसहा म्हणाली गं. ऐकलंस ना? पहिल्याच भेटीत. हात राखून देते हो पोरगी!"